सहावी टोपली

बागेच्या फाटकावर ग्रामपंचायतीची पाटी अजून आहे:
फुले तोडू नये. झोका मोठ्यांसाठी नाही.
झोका एकच उरलाय, तोही एका साखळीवर.
दुसरी साखळी गजभिये मॅडमनी काढून नेली
पहिल्या टोपलीला.

नऊ टोपल्या आहेत.
वर सायकलची रिंग, रिंगेला लोंबत्या साखळ्या,
खाली बुरडांच्या फागोनं विणलेली
आंब्यासाठी असते तशी बांबूची टोपली.
चार नंबरला आणि सात नंबरला वाळवी लागली,
तिथं तेलाचा डबा कापून बसवलाय.
वेल्डिंग इद्रिसचं. पैसे घेतले नाहीत त्यानं,
रविवारचा एक डाव मागितला.

चकत्या तीन. मॅडमनी पुण्याच्या शिबिरातून आणल्या,
लाल, पिवळी,
आणि निळी, जिची कड कुत्र्यानं चावलीय.
गावात सगळे त्यांना ताटल्याच म्हणतात.
"बसली का जी पंगत?"
फाटकाशी कोणीतरी विचारतंच.

मी लाइनमन.
बावीस वर्षं चिंचटोल्यापासून बोडीपर्यंत
अकरा केव्हीची लाइन माझ्याकडे.
झाड दिसलं की मला फांदी दिसते,
फांदी दिसली की कोयता.
वादळाआधी छाटायचं, वादळानंतर उचलायचं,
ऐन असो, बिबा असो, कोणाची गय नाही.
इथल्या सागांना माझं नाव ठाऊक असेल
तर चांगल्या कारणानं नसेल.

आणि मॅडमचा नियम एकच:
पानसुद्धा तोडायचं नाही.
फांदी मध्ये आली तर तुमचं चुकलं, फांदीचं नाही.

बाग एवढीशी. सगळ्यात लांबची टोपली साठ पावलांवर.
जोर लावतो तो हरतो.
इद्रिस जोर लावतो. त्याची चकती
खोडावर थाड आपटते
आणि वाळल्या पानांत पापड मोडत जाते.
मी हळू सोडतो.
दोन सागांमध्ये एका दाराएवढी फट आहे,
तिच्यातून ती सरळ निघते,
आणि वेग संपत आला की
आपोआप डावीकडे कलते,
गोठ्याच्या वळणावर गाय वळते तशी,
कोणी न हाकता.
जमलं तर. चारात एकदा जमतं.

सहावी मोहाखाली.
लाल चकती काल संध्याकाळी तिथंच हरवली होती.
चैत्रातली सकाळ, सहा वाजलेले,
आणि ती पार्बता कुंभरेच्या हातात,
फुलांनी शिगोशीग.
तिची स्वतःची टोपली आधीच भरलेली.

"हे तुमची आहे का जी?"
"हो."
"थांबा मंग. अजून पडूनच रायले."

थांबलो.
तिघं उकिडवे, बोलायचं काही नाही.
मोहाचं फूल पडताना आवाज होतो.
तारांच्या गुणगुणीखाली उभं राहून राहून
माझ्या कानांनी तो टाकूनच दिला होता.
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग लागोपाठ दोन.
मग एक फूल रिंगेवर आलं, साखळीला घासलं,
आणि टोपलीत.

"एका फेकीत," इद्रिस म्हणाला.
मॅडमनी वहीत लिहूनही टाकलं: मोह, एक.
पार्बताला हसायला वेळ नव्हता.
तिनं टोपलीत हात घातला, तेही फूल उचललं,
आणि चकती डोक्यावरच्या टोपलीवर झाकणासारखी ठेवून
गेली. बुधवारी देते म्हणाली.

उरलेल्या तीन टोपल्या आम्ही
दोन चकत्यांत तिघं खेळलो.
मॅडम एकतीस, मी छत्तीस,
इद्रिसनं आपला आकडा सांगितला नाही.

सोमवारी बोडीच्या फीडरवर तक्रार होती.
ऐनाची फांदी तारेला टेकत होती.
शिडी लावली, वर गेलो,
आणि कोयता काढायच्या आधी
बघत राहिलो, कुठून फट मिळते का.
नव्हती.
छाटली.
खाली हेल्पर विचारत होता, काय झालं साहेब, करंट आहे का?

लाल चकती बुधवारी आली, धुतलेली,
तरी वास गेला नाही.
ती आता सरळ जात नाही, इद्रिस सांगत फिरतो,
झिंगलीय.
त्याच्या हातात कधी सरळ गेली होती,
हे मी विचारत नाही.