बगळा

ऑपरेशनचं नाव मीच ठेवलं होतं.
आमच्या रॉटरडॅमच्या कालव्यांत तो दिसतोच,
एका पायावर, पाण्याला आपलाच वाटू लागेपर्यंत.
अकरा महिने आम्ही तसेच उभे राहिलो:
मी, योरिस, सुहैला,
आणि म्हातारा फोप्पे, ज्याला नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून
ट्रक कुणाचा ते कळतं.

अकरा महिन्यांची कमाई सांगते.
एक न्हावी, ज्याच्या दुकानात कुणीच केस कापत नाही.
एक क्रेनवाला, पगारापेक्षा जड घड्याळ घालणारा.
सतरा टोपणनावं.
आणि त्या सगळ्यांच्या वर एक आवाज,
फोनवर कधीही शिवी न देणारा,
पावसाची, गुडघेदुखीची चौकशी करणारा.
त्याला सगळे काका म्हणत. आम्हीही म्हणू लागलो.

त्या रात्री काका स्वतः येणार होता.
पहिल्यांदाच. पहाटे साडेचारला.
धुकं असं, की हात पुढे केला तर
त्याच्याकडेच ओळखपत्र मागावं.
दक्षिण अमेरिकेतून केळी उतरली होती,
केळ्यांखाली काय ते आम्हाला ठाऊक होतं,
आणि आम्हाला ठाऊक आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

एक वाजून दहा मिनिटांनी फोप्पे म्हणाला,
कुणीतरी ठोकतंय.
कुठे?
लोखंडात.

माल बाहेर काढणारी पोरं
दोन-दोन रात्री रिकाम्या कंटेनरात लपून बसतात.
ती त्याला हॉटेल म्हणतात.
आई वर्षभर ऑफिसांच्या फरश्या पुसून मिळवते
त्याहून जास्त एका रात्रीचे.
कधी बाहेरून कडी पडते.
कधी वर दुसरा डबा बसतो.

हेगहून साहेबांचा फोन: सीत्स्के, वाट बघ.
तीन तास फक्त.
मी घड्याळाकडे बघितलं नाही, ठोक्यांकडे कान दिला.
ठोके आधी तिनाच्या टोळीत येत होते.
मग दोनाच्या.
मग बराच वेळ काही नाही,
आणि मग एक, जणू चुकून.

दिवे लावा, मी म्हणाले. सगळे.

चौथ्या रांगेत, तळाला.
दार उघडलं तेव्हा आतली हवा
आमच्या अंगावर कलंडली, शिळी, कोमट.
दोघं चालत आले.
तिसऱ्याला सुहैलाने ओढून काढलं,
एका पायात बूट, ओठ निळे,
वय असेल सोळा.
तिकडे महामार्गावर एक मोटार मागे वळली असणार,
इंडिकेटर देऊन, अगदी नियमात.

नेतृत्व म्हणजे काय, असं नव्या भरतीतली मुलं विचारतात.
त्यांना वाटतं, दारावर पहिली लाथ.
मी सांगत नाही, पण असतं ते असं:
सगळ्यांचे अकरा महिने दोन शब्दांत पाण्यात घालायचे
आणि मग त्यांच्याच व्हॅनमध्ये, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून
घरी यायचं.
योरिसची मुलगी जन्मली तेव्हा
तो त्या न्हाव्यासमोर गाडीत बसलेला होता.
तीन आठवडे तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.
त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पोरगा शुद्धीवर आला. नाव सांगितलं नाही.
दुसरा बूट कुठाय, एवढंच विचारलं.

जानेवारीत एका नव्या नंबरावर
तो आवाज पुन्हा सापडला. फोप्पेनेच ओळखला.
पोरं कशी आहेत? काका विचारत होता, मायेने.
माझा श्वास अडकला; क्षणभर मला वाटलं...
मग तोच, त्याच मायेने:
बोलली का काही?

नवी फाइल उघडली आहे.
नाव योरिसने ठेवावं, असं मी म्हटलं.
तो रकाना त्याने
अजून रिकामाच ठेवलाय.