शांतता राखा

हॅरोक्लफच्या वाचनालयातली ही पितळी पाटी
कोणाला सांगतेय, मला अजून कळलेलं नाही.
तिच्याखालून पहिल्यांदा आत आल्या त्या विणकर बाया,
गिरणी सुटल्या सुटल्या, केसांत कापसाचे पुंजके घेऊन.
मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेलेला,
त्या आवाजाशिवायच बोलत:
ओठ मोठे करून, भुवया ताणून,
या टेबलावरून त्या टेबलावर,
कोणाचं लग्न मोडलं, कोणाची मजुरी कापली,
सगळं.
आणि मिस ऑल्डरॉइड, पहिल्या ग्रंथपाल,
चष्मा पुसून पुसून बघत राहत
नियम नेमका कुठे मोडतोय.

वर्गणीची वही कपाटात आहे, कडा उंदरांनी खाल्लेल्या.
आठवड्याला एक पेनी.
सही येत नव्हती त्यांनी फुली मारलीय.
एकोणतीस फुल्या.
मी दोनदा मोजल्या.

शर्यतींच्या बातम्यांवर मिस ऑल्डरॉइड रोज सकाळी
काळी शाई फिरवत,
शेकोटीशी आलेल्या बेकारांनी पैजा लावू नयेत म्हणून.
दुपारपर्यंत सगळ्या गावाला घोडे पाठ.

आता गिरणीत फ्लॅट आहेत.
ग्रंथपाल नाहीत; आम्ही आहोत, बिनपगारी,
मंगळवार आणि गुरुवार.
गुरुवारी चाव्या माझ्याकडे.
कोणाला फॉर्म भरून हवा असतो, कोणाला प्रिंट,
डेरेक नुसता कोट वाळवतो.
कौन्सिलच्या तक्त्यात 'ऊब' असा रकाना नाही,
मी त्याला 'संदर्भसेवा'त टाकते.

नोरा हॅडॉक, वय त्र्याण्णव, मागावरची शेवटची.
गेल्या गुरुवारी रेडिएटरजवळून, पुस्तक मांडीवर तसंच ठेवून,
तिने ओठांनी विचारलं:
बंद करतायत म्हणे?
एवढं मला आता वाचता येतं. तिनेच शिकवलंय.
उत्तर द्यायला गेले
आणि ओठ हलले ते मराठीत:
अजून नाही.
तिने मान डोलावली.
काय कळलं, मी विचारलं नाही.

जाताना पुस्तक पुढे केलं, मुदत वाढवायला.
यंत्र बिघडलेलं, म्हणून खणातला जुना शिक्का काढला,
तारखेची चाकं फिरवली, तीन आठवडे पुढे.
शाई सुकलेली.
दोनदा ठोकावा लागला,
जोरात.