बंद पडद्यातली बाई

एकशे वीस पौंड. 'जवळजवळ नवा लॅपटॉप.'
'जवळजवळ' मी दोनदा वाचलं.
दुसरा एक होता साठला, फोटो कंपनीचाच,
पैसे आधी मागत होता. सोडला.

याच्या फोटोत मात्र बंद पडद्यावर
विकणारीच उमटली होती:
अंगात गाऊन, हातात फोन,
मागे बांधाबांध केलेली खोकी.

शनिवारी रेक्समला, तिच्या ओट्यापाशी,
बिजागरी हलवून पाहिली,
वांगी निवडावीत तशी एकेक कळ दाबली.
"एन अडकतो," ग्लेनिस आपणहून म्हणाली,
आणि दहा पौंड सोडले.

चार्जर गुंडाळता गुंडाळता विचारलं,
"माझं सगळं पुसलं गेलंय ना नक्की?"
मी पुन्हा उघडून बघितलं. काही नव्हतं.
बंद केला.
काळ्या काचेत आम्ही दोघी,
आणि ती खोकी.