अर्धी बाटली

मंगळवार, संध्याकाळचे पावणेसहा, वडणगे.
खांद्यापर्यंत हातमोजा चढवून
मी साळुंकीच्या आत शिरते,
मनगट, कोपर, मग त्याच्याही पुढं,
आणि इलाहीचाचा तिच्या कानात
काहीतरी पुटपुटत राहतात
जे मला आजवर ऐकू आलेलं नाही.

डावा अंडाशय. पडद्यावर काळं वर्तुळ,
छोट्या लिंबाएवढं. सदतीस मिलीमीटर.
गर्भाशय आडव्या कापलेल्या मोसंबीसारखं
पाकळ्यापाकळ्यांनी फुगलेलं.
"आलंगावर हाय न्हवं?" खराडे विचारतात.
आहे.
पण आलंगावर असणं आणि बीज सुटणं
यांच्यामधे कधी दोन दिवस जातात, कधी सहा,
आणि जयसिंगपूरचा घोडा
उद्याच्या संध्याकाळपुरताच येणार.
टेम्पोचं भाडं ठरलंय.
परवा त्याला मिरजेत वरातीला उभं राहायचंय.

म्हणून ही बाटली.
तळाशी चिकटलेली पांढरी पूड,
तिच्यावर पाणी सोडते,
हलवत नाही, तळहातात नुसती फिरवते.
पाच हजार युनिट. घोडीला निम्मी पुरे.
छत्तीस तास धरा. गुरुवारी सकाळी सहा.
"घड्याळ लावल्यागत?"
"जवळजवळ."

"कशाचं अस्तंय वो हे?" चाचा विचारतात.
कॉलेजात आम्हाला सांगितलं होतं तसंच सांगते,
मान वर न करता:
पोटुशी बायकांच्या लघवीतून काढतात.
पहिल्या तीन महिन्यांत त्यांच्यात हे फार असतं.

खराडे हसतात. मग हसू तिथंच ठेवून
फोन आल्यासारखे पागेबाहेर जातात.
चाचा हसत नाहीत.
मानेची शीर अंगठ्यानं दाबून धरतात,
सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत थांबतात.
"कुठल्या बायका?"

लेबलावर कंपनी आहे, बॅच नंबर आहे,
मुदत आहे, दोन ते आठ अंश आहे.
बाई नाही.

"दूध पाजलं तर नातं लागतं, मॅडम.
आमच्यात त्या पोरांचं एकमेकांत लगीनबी हुईत न्हाई.
ह्याचं काय लागंल?"

मला माहीत नाही.
कुठल्यातरी गावात कुणीतरी
पहाटे मळमळ आवरत उठली असेल,
डब्यात धरलं असेल, झाकण लावून
दाराशी ठेवलं असेल कुणाच्या गाडीसाठी,
आणि विसरली असेल.
ते पोर आता शाळेत जात असेल.
तिचं अंग तेव्हा एकच बोलत होतं,
धरून ठेव, धरून ठेव.
साळुंकीला तेच ऐकू जातं
आणि कळतं उलटं:
सोड.

बुधवारचं फारसं लिहीत नाही.
घोड्यानं टेम्पोतून उतरायला अर्धा तास घेतला,
बाकीचं चार मिनिटांत उरकलं.
खराड्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

गुरुवार, सात वाजून दहा.
चाचा आधीच तिथं,
मफलरला लसूणघासाची काडी चिकटलेली.
रात्री इथंच पडले होते, विचारलं तर नाही म्हणतील.
पडद्यावर वर्तुळ नाही.
त्या जागी राखाडी, चुरगळलेलं काही,
पाहुणा उठून गेल्यावर
गादीवर राहतं तसं.

"गेलं?"
"सुटलं."

पुढचं चौदा दिवसांनी कळेल. कदाचित नाहीच.
चाचा साळुंकीच्या मानेवर
बरोबर सुई टोचली तिथं हात ठेवतात.
"तिचंबी भलं हू दे," म्हणतात.
कुणाचं, मी विचारत नाही.

दहाला कागल. तिथं एक काठेवाडी वाट बघतेय,
तिचं वर्तुळ काल तेहतीसवर होतं.
उरलेली अर्धी बाटली बाजूच्या सीटवर, डब्यात.
कावळा नाक्याला गाडी थांबली की
बर्फ सरकतो आतल्या आत
आणि काचेवर हलकेच आपटतो.