नावं ठेवलेला मुलूख

लेखायोनच्या धक्क्यावर जकातवाला विचारतो, कुठली?
लोक्रिसची, मी म्हणते.
लोक्रिस दोन आहेत, तो म्हणतो आणि थांबतो.
माझ्या डोक्यावर बकऱ्याच्या कातड्यांचा भारा आहे,
त्याला ठाऊक असतं कुठली.
तरी माझ्या तोंडून हवं असतं.

ओझोलियन.
म्हणजे वास मारणारे.
रांगेतला तेलवाला झग्याचं टोक नाकाला लावतो.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं,
मध्ये एका टिंबाचं अंतर.
आमच्या बाबतीत कुणी तेवढंही ठेवलं नाही.

काका लाम्प्रियास शपथेवर सांगायचा,
ताफियासोसच्या पायथ्याशी नेस्सोस कुजतोय,
बाण लागून मेलेला अर्धा माणूस, अर्धा घोडा.
त्याचाच झरा, गाठी गाठी होऊन वाहतो.
आम्ही पोरं तिथे जाऊन नाक खुपसायचो.
सडकी अंडी.
घोडा नाही, अर्धासुद्धा नाही.

अंफिस्साचे पैसेवाले तर सरळ सांगतात, आम्ही एटोलियन.
शेजाऱ्याचं नाव लावून मोकळे.

आईची गोष्ट वेगळी होती.
राजाच्या कुत्रीला पिल्लाऐवजी लाकूड झालं,
त्यानं ते पुरलं, वसंतात तिथे द्राक्षवेल फुटला.
ओझोस म्हणजे फांदी, ती म्हणायची,
आपण त्या फांद्यांचे.
म्हणताना कोपरापर्यंत हात
खारवणीच्या पिंपात.
तिच्या केसांना द्राक्षांचा वास
कधी आला नाही.

तीन वर्षं मी कोरिंथला आयरिसचं अत्तर गाळलं.
अंगाला इतकं मुरलं
की जकातवालासुद्धा आता विचारीना.

परतले ती अमावास्येला.
नावेत कुणी नाव विचारत नाही,
सगळे आपापली ओकारी आवरत होते.
वारा फिरला, किनारा दिसेना,
सुकाणूवर एव्थिकोस, नवखा पोरगा,
देवांची नावं घेत सुटला, एकेकाला दोनदोनदा.

आणि मग आला.
आधी ॲस्फोडेल, उग्र, गोडसर,
मग ओली लोकर, मग पिंपांचा खार,
आणि त्याखाली काहीतरी, ज्याला
माझ्याकडेही शब्द नाही.

तेलवाल्यानं नाक धरलं असतं.
मी डोळे मिटले.

उजवीकडे घे, म्हणाले.
कशावरून, बाई?

तिथे माझा वास आहे.