उलट्या नळ्या

सहमच्या सनायात, टायरवाल्याच्या मागे
आमचं शेड. पत्रा असा तापतो
की दुपारी पान्याला हात लावण्याआधी
हातात फडकं लागतं.

खलफान आला तो लिंबं घेऊन. पिशवीभर.
म्हणजे काम स्वस्तात हवंय, हे मी ओळखलं.
मजऱ्यात ठिबकच्या पाइपासाठी चर हवा,
खजुरांच्या दोन रांगांमधून.
पोकलेन आत शिरत नाही,
भाड्याचा शिवाल झावळ्या मोडतो,
आणि जुना जपानी ट्रॅक्टर आहे एक, चोवीस घोड्यांचा,
आमच्या लांज्याच्या बैलापेक्षा वीतभर उंच.
"त्याला हात लाव," म्हणाला.
मी लावला. बॉनेट गरम होतं.
तो हसत सुटला. "अरे, हात! खोदणारा!"

नकाशा कुठला असायला?
शोहिदुलला म्हटलं, झोप.
तो फरशीवर उताणा, उजवा हात लांब करून,
आणि मी खडूने कडेकडेने रेघ ओढली:
खांदा, कोपर, मनगट.
मग शेजारी तीच रेघ तिप्पट.
आठवडाभर त्या हातावरून उड्या मारत आम्ही चहाला जायचो.
शेरजमान मात्र वळसा घालायचा.
माणसाच्या रेघेवर पाय देऊ नये म्हणे.

चौकोनी नळ्या भंगारातल्या.
सिलिंडर नगरपालिकेच्या कचरागाडीचे,
दोघांचे सील गेलेले, एक किंचित वाकडा,
आणि कितीही धुतला तरी वास न सोडणारा चौथा.
पिना ट्रेलरच्या ॲक्सलमधून उतरवल्या.
बादलीचे दात स्प्रिंगच्या पाट्याचे.
त्या पोलादाला घाई चालत नाही, तडकतं.
आधी तापवायचं, मग जोडायचं,
मग वाळूत पुरून ठेवायचं रात्रभर.
वाळूची तेवढी कमी नव्हती.

पहिल्या दिवशी बादली रुतली ती रुतलीच.
वर ओढायला गेलो तर माती जागेवर,
ट्रॅक्टरचीच पुढची चाकं हवेत.
खलफानची धाकटी मोझा टाळ्या पिटत होती.
शेरजमान बॉनेटवर चढून बसला. पुरला नाही,
आणि त्याचं वजन तर ऐंशीच्या वर.
शेवटी पुढे तेलाचे दोन डबे, काँक्रीट ओतून,
मागे दोन टेकू.

मग कळलं, नळ्या उलट्या बसल्यात.
लिव्हर आपल्याकडे ओढला की हात लांब जातो,
ढकलला की जवळ येतो.
चूक माझी. शुक्रवारची जोडणी होती,
घरचा फोन खांद्यावर मानेने धरलेला.
"तासाभराचं काम," मी म्हणालो, "थोडं तेल सांडेल."
खलफानने तेलाच्या डब्याकडे पाहिलं.
"राहू दे. म्हणजे शेजारी उसना मागणार नाही."

शोहिदुल तो उलटेपणा शिकला.
चार दिवसांत असा शिकला
की चहाचा कप ओढताना लवंडवायचा.
सात रांगा खोदल्या, गुडघाभर खोल,
एका मुळाला धक्का नाही.
फलजचा दगडी पाट जवळ आला की
इंजिन बंद करून उतरायचा,
उरलेलं कुदळीने.
मला विचाराल तर खरा हात तो.

मार्चमध्ये त्याचा व्हिसा संपला.
नवीन होईल, कागद गेलेत, असं सगळेच म्हणतात.
खलफानने लायसनवाला ऑपरेटर आणला, कडक इस्त्रीचा.
त्याने सवयीने लिव्हर ओढला
आणि पाण्याची मुख्य लाइन फोडली.

काल खलफान पुन्हा आला. लिंबं मोठी होती या वेळी.
म्हणाला, नळ्या सरळ कर आता.
मी पाना घेतला, खाली वाकलो.
पहिला नट हातानेच फिरला असता, इतका सैल.
फरशीवर, ग्रीसच्या डागाखाली,
खडूचं कोपर अजून दिसत होतं थोडं.

तो नट मी घट्ट केला.
"बुकरा," म्हणालो.
खलफान काही बोलला नाही.
लिंबं मात्र त्याने परत नेली नाहीत.