सहा ओहम

तेंगिझची व्हेक्ट्रा घेऊन लामारा आली
शनिवारी, मी शटर ओढायच्या बेतात असताना.
म्हणाली, डावा इंडिकेटर लहरीवर चालतो.
खड्ड्यात गेलं की लागतो, वर आलं की जातो.

या गावात इंडिकेटर देतंय कोण, मी म्हटलं.
कुताईसीत हॉर्न आहे, हात आहे, शिवी आहे,
आणि गायी तर कुणालाच जुमानत नाहीत,
भर चौकात बसून रवंथ करतात.
ती हसली नाही.
मी देते, म्हणाली.
गाडी शिकून तिला चार महिने झाले होते.
तेंगिझला जाऊन पाच.

मागचा दिवा उघडला.
होल्डरचं तांबं हिरवं पडलेलं,
बल्बची काच आतून काजळलेली,
तार तुटलेली, पण टोकाला टोक टेकून उभी,
जरा धक्का बसला की
जुळायची, सुटायची.
मी सँडपेपर फिरवला, अर्थिंगची वायर नवी ओढली,
खोक्यातून चार पिवळे एलईडी काढले.
जन्मभर जातील, म्हटलं.
सगळ्यांनाच म्हणतो.

बसवले. तिनं दांडी खाली केली.
टिकटिकटिकटिकटिक
गाडीला जणू धाप लागली.

घाबरू नकोस, म्हटलं, दिव्यात दोष नाही.
डॅशबोर्डच्या पोटात एक रिले आहे, जुन्या वळणाचा.
एकवीस वॅट पिणारा बल्ब त्याच्या ओळखीचा.
हा नवा तीन वॅटांत भागवतो,
तापत नाही की कुरकुरत नाही,
म्हणून त्याला वाटतं, बल्ब मेला.
म्हणून तो बोंब मारतो.

लामारा टायरांच्या चळतीवर टेकली.
"आमच्या दोदोसारखा," म्हणाली.
दोदो तिची नणंद.
चाळिसाव्या दिवशी ऐंशी पानं उठली,
लामारानं ताटं मोजली, वाईन पुरवली,
डोळ्यांतून टिपूस नाही.
तेव्हापासून दोदो गल्लीभर सांगते,
हिच्या आत काहीतरी तुटलंय,
नाहीतर बाई अशी गाडी शिकते?

मी रेझिस्टर काढला.
सहा ओहम, सोनेरी, बोटाएवढा.
बल्बच्या जोडीला लावायचा.
उजेड द्यायचा नाही, नुसतं तापायचं,
म्हणजे रिलेला हवं तेवढं ओझं दिसतं
आणि त्याचा जीव भांड्यात पडतो.
"म्हणजे नाटक."
नाटक, म्हटलं. पण भाजतं खरोखर.
म्हणून पत्र्यावर बसवायचा,
प्लॅस्टिकला लावला तर भोक पडतं.

जोडून दाखवला.
टिक. टिक. टिक.
कशी शहाण्यासारखी.

ती खाली वाकली, रेझिस्टरला बोट लावलं,
चटकन मागे घेतलं.
बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "रिलेच बदलता येत नाही का?"

येतो की.
इलेक्ट्रॉनिक मिळतो, ओझं न मोजणारा,
आपल्या लयीत चालणारा. वीस लारी जास्त.
पण ते कुणी करत नाही,
सगळे दोन वायरी जोडून मोकळे होतात.
"तोच घाल."

ग्लोव्हबॉक्स काढावा लागला.
आत तेंगिझचा चष्मा, पेट्रोलच्या पावत्या,
सुकून दगड झालेली चुर्चखेला.
तिनं चष्मा पुसला, परत आत ठेवला.

अंधार पडता पडता ती निघाली.
फाटकाबाहेर रस्ता रिकामा,
मागे कुणी नाही, समोर कुणी नाही,
तरी तिनं डावा दिवा लावला, थांबली, वळली.
तिचं घर उजवीकडे आहे.
डावीकडे टेकडी, आणि टेकडीवर कबरी.

सोमवारी दोदो आली, तिच्या जुन्या निवाचा
मागचा दिवा बघायला.
भावाचं नाव निघालं, म्हणून तिनं चौकटीला हात धरला.
मी रेझिस्टरबद्दल चकार शब्द काढला नाही.
तिच्याकडे अजून तेच बल्ब आहेत, एकवीस वॅटचे.
काढताना बोट पोळलं.